मुलासाठी ‘स्टेम सेल’ सुचवलंय? पैसे भरण्याआधी घरच्यांनी काय तपासावं

मोबाइलवर एक व्हिडिओ येतो. तीन-चार वर्षांचं मूल आधी आईच्या मांडीवर कलंडलेलं असतं, पुढच्या दृश्यात वॉकर धरून उभं असतं. खाली मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूचा नंबर. नात्यातल्याच कुणीतरी मायेपोटी तो पाठवलेला असतो. फोन लावला की ‘फाइल घेऊन या’ म्हणतात आणि खर्चाचा आकडा लाखात सांगतात. मग घरात बोलणं सुरू होतं: उसाचं बिल कधी जमा होईल, सोसायटीचं कर्ज मिळेल का, दागिने गहाण ठेवायचे का.

त्या दिवसांत हाताशी असावा म्हणून हा लेख लिहिला आहे. मी जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे ओळखीचे आईबाप फाइल घेऊन विचारायला येतात, आणि प्रत्येकाला तेच सांगावं लागतं. माझं मत आधीच सांगतो. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवरचा ताबा बिघडणं), ऑटिझम (बोलणं, मिसळणं, वागणं वेगळं असणं) किंवा बौद्धिक वाढ मागे पडणं, यांपैकी कशासाठीही भारतात आज स्टेम सेलचा, म्हणजे नव्या पेशी घडवणाऱ्या मूळपेशींचा, मान्यताप्राप्त उपचार नाही. या क्षेत्रातलं संशोधन खरं आहे, मोलाचं आहे, आणि त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्याच्या नावावर आजारी लेकरांच्या घरून पैसे घेतले जातात, हे सहन होत नाही.

पहिलं काम: एका कागदावर मुलाची हकीकत

कुठंही फोन लावण्याआधी डिस्चार्ज कार्ड शोधा आणि एका पानावर हे लिहून काढा: कितव्या आठवड्यात जन्म, वजन किती, लगेच रडलं की उशिरा, काचेत किती दिवस होतं, कावीळ किती चढली होती, झटके कधी आले, मान कधी धरली, बसलं कधी. एमआरआय झाला असेल तर फिल्मबरोबर लेखी रिपोर्टही हवा. नसेल तर ज्या रुग्णालयात काढला तिथून त्याची प्रत मागून घ्या.

‘मेंदूला मार बसलाय’ एवढ्यावर थांबू नका. मार कधी बसला आणि कुठं बसला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. ते कळायला मेंदू कसा घडतो हे थोडं समजून घ्यावं लागेल. इथं घाई करू नका. हा भाग नीट कळला की जाहिरातीतली निम्मी वाक्यं आपोआप गळून पडतात.

मेंदू घडतो कसा

गर्भधारणेनंतर साधारण १८व्या दिवशी गर्भाच्या पाठीकडच्या बाजूला पेशींची एक पट्टी जाड व्हायला लागते. तिच्या कडा वर उचलल्या जातात, आणि २२व्या दिवसाच्या सुमारास मध्यावर एकमेकींना भिडून तिची नळी होऊ लागते. डोक्याकडचं तोंड २५व्या दिवसाच्या आसपास बंद होतं, खालच्या टोकाचं २८व्या दिवसाच्या आसपास. म्हणजे आईची पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. या नळीच्या वरच्या भागाचा मेंदू होतो, खालच्या भागाचा मज्जारज्जू, म्हणजे पाठीच्या कण्यातली मज्जातंतूंची दोरी.

नळीच्या आतल्या अस्तरात ज्या पेशी असतात, त्या मज्जासंस्थेच्या खऱ्या मूळपेशी, म्हणजेच स्टेम सेल. सुरुवातीला त्या नुसत्या दुप्पट होत जातात. नंतर त्यांचं विभाजन असमान होतं: दोनपैकी एक मूळपेशीच राहते आणि दुसरी चेतापेशी (संदेश नेणारी मेंदूची पेशी) होण्याच्या मार्गाला लागते. प्रत्येक मूळपेशीचा एक लांब तंतू बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत ताणलेला असतो. नवी चेतापेशी त्या तंतूला धरून आतून बाहेर सरकते आणि ठरलेल्या थरात जाऊन थांबते. आधी जन्मलेल्या पेशी खोल थरात राहतात, नंतरच्या त्यांना ओलांडून वर जातात. मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचे सहा थर असे रचले जातात, आणि यातलं बहुतेक काम गर्भाच्या आठव्या ते चोविसाव्या आठवड्याच्या दरम्यान उरकतं.

पेशीनं काय व्हायचं, हे ती कुठं आहे यावरून ठरतं. नळीच्या पोटाकडच्या बाजूनं ‘सोनिक हेजहॉग’ नावाचं प्रथिन झिरपत असतं, पाठीकडून ‘बीएमपी’. दोन्हींच्या कमी-जास्त प्रमाणावरून कुठली पेशी स्नायू हलवणारी होईल आणि कुठली स्पर्श कळवणारी, हे ठरतं. कुठल्या जनुकामुळे मेंदूचा कोणता भाग घडतो, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुभा टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे. ‘एलएचएक्स-२’ या जनुकावरचं त्यांचं संशोधन जगभर गाजलं.

जन्माच्या वेळी बहुतेक चेतापेशी तयार असतात. प्रौढ मेंदूत त्या सुमारे ८,६०० कोटी भरतात. जन्मानंतर भर पडते ती मुख्यतः जोडण्यांची आणि तंतूंवरच्या मायलिन नावाच्या वेष्टनाची. वापरातल्या जोडण्या पक्क्या होतात, बिनवापराच्या गळतात.

आता तुमच्या कागदाकडे परत या. मूल २४ ते ३२ आठवड्यांत जन्मलं असेल, तर मायलिन बनवणाऱ्या कोवळ्या पेशींना इजा झालेली असण्याची शक्यता जास्त. पायांकडे जाणारे तंतू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीलगत असतात, म्हणून अशा मुलांचे पाय अधिक ताठ असतात. पूर्ण दिवसांचं बाळ जन्मताना गुदमरलं असेल, तर इजा बहुधा मेंदूच्या मध्यातल्या केंद्रांत असते. कावीळ फार चढली असेल, तर हालचालींवर ताबा ठेवणारी केंद्रं आणि ऐकणं यांवर परिणाम होतो. ऑटिझममध्ये तर भरून काढता येईल अशी एखादी जखमच नसते. पेशींच्या जोडण्यांची घडणच पहिल्यापासून वेगळी असते.

इतक्या वेगवेगळ्या गोष्टींवर एकच इंजेक्शन चालतं असं कुणी सांगत असेल, तर तिथंच थांबून विचार करा. शहापूर-वडगावच्या मागावर उभे धागे तुटले, तर वरून सुताची मूठ टाकून कापड सांधत नाही. प्रत्येक टोक आपापल्या जोडीला बांधावं लागतं.

दुसरं काम: ‘कोणत्या पेशी?’ हे विचारा

स्टेम सेल ही एकच वस्तू नाही. ‘नेमक्या कोणत्या पेशी, कुठून घेणार, कुठं सोडणार आणि तिथं त्यांचं काय होतं?’ असा प्रश्न लेखी विचारा.

शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतील अशा मानवी गर्भपेशी १९९८ साली जेम्स थॉमसन यांनी अमेरिकेत प्रथम प्रयोगशाळेत वाढवल्या. २००६ साली जपानच्या शिन्या यामानाका यांनी उंदराची प्रौढ पेशी पुन्हा तशा अवस्थेत नेली. पुढच्याच वर्षी ते माणसाच्या पेशींतही साधलं आणि २०१२ साली यामानाकांना नोबेल मिळालं. जाहिरातीत फोटो याच संशोधनाचे असतात. इंजेक्शनमध्ये मात्र बहुतेक वेळा मुलाच्या कमरेच्या हाडातून काढलेल्या मगजाच्या पेशी असतात, नाहीतर नाळेतल्या. हाडाच्या मगजातल्या मूळपेशी रक्त बनवतात. दुसऱ्या प्रकारच्या असतात त्या हाड, कूर्चा आणि चरबी बनवतात. त्या मेंदूत जाऊन चेतापेशी होतात आणि तुटलेल्या वाटा जोडतात, असं सिद्ध झालेलं नाही. शिरेतून दिल्या तर त्यातल्या बऱ्याचशा फुप्फुसांत अडकतात आणि काही दिवसांत नाहीशा होतात.

‘त्या चेतापेशी होत नाहीत, पण सूज कमी करणारे घटक सोडतात’ असं उत्तर मिळालं, तर ते आधीच्यापेक्षा प्रामाणिक आहे. संशोधकही सध्या त्याच दिशेनं विचार करतात. मग लगेच विचारा: ‘याच मात्रेत, याच वयाच्या मुलांवर तुलना करून पाहिलेला निकाल दाखवा.’

असे निकाल आहेत. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात २ ते ७ वर्षांच्या १८० ऑटिस्टिक मुलांना नाळेचं रक्त देऊन त्याचा परिणाम पाहणारी चाचणी झाली. निकाल २०२० साली आला. सामाजिक वागण्यातला जो बदल मोजायचं आधी ठरवलं होतं, तो औषध मिळालेल्या गटात खोट्या औषधाच्या गटापेक्षा जास्त दिसला नाही. सेरेब्रल पाल्सीत चित्र थोडं आशेचं आहे. नाळेच्या रक्ताच्या वेगवेगळ्या चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर, वयानं लहान आणि आजार सौम्य असलेल्या मुलांच्या हालचालीत काहीशी सुधारणा दिसते. हा शास्त्रज्ञांसाठी पुढं जाण्याचा धागा आहे. ‘तुमचं मूल चालेल’ असं म्हणायला तो पुरेसा नाही. हाडाच्या मगजाच्या पेशी विकणाऱ्यानं नाळेच्या रक्ताचे निकाल दाखवले, तर तेही लक्षात घ्या.

खरं काम कसं चालतं याचं उदाहरण पार्किन्सनचं, म्हणजे हातपाय थरथरण्याच्या आणि हालचाल मंदावण्याच्या आजाराचं. त्या आजारात प्रामुख्यानं एका प्रकारच्या पेशी, मेंदूच्या एका जागी मरतात, म्हणून पेशी बदलण्याचा प्रयत्न तिथं आधी झाला. जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या गटानं सात रुग्णांच्या मेंदूत प्रयोगशाळेत घडवलेल्या पेशी सोडल्या, दोन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं, आणि २०२५ साली काय झालं ते जाहीर केलं. त्यातही पहिला प्रश्न होता तो सुरक्षिततेचा.

तिसरं काम: कायद्याची बाजू

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, हिची स्टेम सेलविषयीची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत. रक्ताच्या ठरावीक आजारांत, उदाहरणार्थ ल्युकेमिया किंवा थॅलेसेमिया, मूळपेशींचं प्रत्यारोपण हा मान्य उपचार आहे. बाकी सगळा वापर प्रायोगिक. तो फक्त मंजूर चाचणीत करता येतो आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नसतात. ऑटिझमबद्दल राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळानं २०२२ साली सांगितलं की हा उपचार शिफारस करण्याजोगा नाही आणि त्याचा प्रचार करणं हे व्यावसायिक गैरवर्तन आहे.

‘पेशी तुमच्याच मुलाच्या आहेत, म्हणून परवानगी लागत नाही’ हे वाक्य तुमच्या कानावर नक्की पडेल. आयसीएमआरची तत्त्वं स्वतःच्या पेशींनाही लागू आहेत.

‘आमची चाचणीच आहे’ असं म्हणाले, तर सीटीआरआय क्रमांक मागा. भारतातल्या औषध चाचण्यांची ती सरकारी नोंदवही आहे आणि इंटरनेटवर कुणालाही मोफत पाहता येते. क्रमांकात सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि शेवटी आकडे असतात. तो तिथल्या शोधाच्या चौकटीत टाका. पान इंग्रजीत उघडेल. बारावी सायन्स केलेला कुणीही भाचा-पुतण्या ते वाचून सांगू शकेल. त्यात एवढं बघा:

- आजाराचं नाव आणि मुलांची वयोमर्यादा तुमच्या मुलाशी जुळते का.
- ज्या रुग्णालयात बोलावलंय त्याचं नाव केंद्रांच्या यादीत आहे का.
- नीतिशास्त्र समितीची आणि औषध महानियंत्रकांची परवानगी या रकान्यांत काय लिहिलंय.
- चाचणी चालू आहे की कधीच संपली.

नुसती नोंद असणं म्हणजे सरकारनं उपचाराला पसंती दिली, असं नाही. आणि नोंद असूनही पैसे मागत असतील, तर माझ्या मते तिथून उठून यावं.

संमतिपत्र मराठीत मागा

आपल्या भागातल्या माणसांसाठी हे मुद्दाम वेगळं लिहितोय. सरकारी दवाखान्यात कागद कन्नडमध्ये येतो, मोठ्या खासगी ठिकाणी इंग्रजीत, आणि आपण ‘इथं सही करा’ म्हटलं की सही करतो. चाचणीचं संमतिपत्र सहभागी होणाऱ्याला समजेल अशा भाषेत दिलं पाहिजे, हा नियम आहे. आई मराठी वाचत असेल तर ते मराठीतच मागा. देणाऱ्यावर तो उपकार नाही. कागद घरी आणा, दोन दिवस ठेवा, आजीलाही वाचून दाखवा. भूल, कमरेच्या हाडात सुई, पाठीच्या कण्यात इंजेक्शन, ताप, डोकेदुखी, जंतुसंसर्ग, झटके वाढणं हे धोके त्यात नावानिशी असले पाहिजेत. चाचणीमुळे इजा झाली तर उपचाराचा खर्च कुणी करायचा, तेही. ‘साइड इफेक्ट काहीच नाहीत’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर ते वाक्य लिहून द्यायला सांगा.

धोका खराच असतो. एका इस्रायली मुलाला २००१ पासून मॉस्कोत गर्भातल्या चेता-मूळपेशी देण्यात आल्या. चार वर्षांनी त्याच्या मेंदूत आणि मज्जारज्जूत गाठी सापडल्या. त्या दात्यांच्या पेशींपासून वाढल्या होत्या, हे २००९ साली प्रसिद्ध झालं.

तो व्हिडिओ परत बघा

कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सेरेब्रल पाल्सी असलेल्या ६५७ मुलांच्या वाढीचा अभ्यास २००२ साली छापून आला. अशी मुलं हालचालीची आपली जवळपास ९० टक्के क्षमता पाच वर्षांच्या आतच गाठतात, आजार जास्त असेल तर त्याही आधी, असं त्यात दिसलं. म्हणजे दोन-तीन वर्षांचं मूल पुढच्या सहा महिन्यांत काहीतरी नवं शिकणारच. त्यात उपचाराच्या पॅकेजबरोबर दिवसातून चार-चार तास फिजिओथेरपी दिली जाते. मग श्रेय इंजेक्शनचं की फिजिओचं की वयाचं? तुलनेला दुसरा गट नसेल, तर हे कुणालाच सांगता येणार नाही, अगदी आईलाही. ती खोटं बोलत नसते. तिला बदल दिसलेला असतो.

हाच पैसा आणि वेळ कुठं लावावा

मुलाचा मेंदू जोडण्या पक्क्या करतो तो वापरातून. म्हणून ज्यात मूल स्वतः हालचाल करतं, तो सराव कामाचा. कुणी दुसऱ्यानं हातपाय ओढून-वाकवून तेवढा फायदा होत नाही. ‘ताट आपल्या हातानं धरणं’, ‘चपलेत पाय घालणं’ अशी दोनच उद्दिष्टं ठरवा आणि रोज घरी तीच करा. एक हात कमजोर असेल, तर चांगला हात काही तास बांधून कमजोर हाताला काम देण्याची पद्धत आहे. तिच्यामागे भक्कम पुरावा आहे, पण ती थेरपिस्टकडून शिकूनच करावी.

खुब्याचा एक्स-रे अजिबात विसरू नका. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण दर तीन मुलांपैकी एकाचा खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला दुखत नाही. जे मूल चालत नाही त्याला धोका जास्त. एक्स-रे किती महिन्यांनी काढायचा, हे हाडांच्या डॉक्टरांना विचारून फाइलवर लिहून घ्या. झटक्यांच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. ऐकणं आणि दृष्टी एकदा नीट तपासून घ्या.

सुरुवात बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातून करा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. अंगणवाडीत किंवा शाळेत येणाऱ्या पथकाकडून चिठ्ठी घ्या आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. दुसरं मत हवं असेल तर बेंगळुरूची निमहान्स ही मेंदू आणि मनाच्या आजारांची संस्था आहे. तिकडे जाणं जमत नसेल तर आपली माणसं मिरज, कोल्हापूर किंवा गोव्याच्या बांबोळीला जातातच. पण राज्याची हद्द ओलांडण्याआधी तुमचं आरोग्य कार्ड तिथं चालेल का, हे फोन करून विचारा. महाराष्ट्र शासनानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी २०२३ साली जाहीर केलेली महात्मा फुले जनआरोग्य योजना तुमच्या गावाला आणि मुलाच्या उपचाराला लागू होते का, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

अपंगत्वाचं यूडीआयडी कार्ड लवकर काढा. ‘लेकराला शिक्का बसेल’ म्हणून पुष्कळ घरं हे टाळतात आणि सवलती हातच्या जातात. ते कार्ड किंवा प्रमाणपत्र असेल, तर राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विम्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

इंजेक्शन आधीच दिलं असेल तर

स्वतःला दोष देत बसू नका. पावत्या, तारखा, दिलेल्या पेशींचा प्रकार आणि संख्या यांची लेखी नोंद मागून घ्या आणि नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांच्यापासून लपवू नका. नंतर ताप, मान ताठणं, सतत उलट्या, नवे झटके किंवा पायांतली ताकद कमी होणं यांपैकी काहीही दिसलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. तक्रार करायची असेल, तर डॉक्टर ज्या राज्यात नोंदलेले आहेत तिथल्या वैद्यकीय परिषदेकडे लेखी करता येते.

घरात पुढचं बाळ येणार असेल

इथं दोन गोष्टी. नाळेचं रक्त खासगी बँकेत साठवायला सांगणारी माणसं प्रसूतीच्या आधी गाठतात. ‘पुढं मुलाला लागलं तर’ म्हणून असं साठवून ठेवण्याला वैज्ञानिक आधार नाही, असं आयसीएमआरचं म्हणणं आहे. ते पैसे वाचवा.

दुसरी, फॉलिक ॲसिड. मेंदू आणि मज्जारज्जू जिच्यातून घडतात ती नळी नीट मिटायला या जीवनसत्त्वाची मदत होते. मज्जासंस्थेची ती नळी पाळी चुकल्याचं कळेपर्यंत मिटत आलेली असते. म्हणून दिवस राहिल्यावर सुरू केलेली गोळी या कामाला बहुधा उशिराची ठरते. मूल होऊ द्यायचं ठरवल्यापासून, निदान एक महिना आधीपासून, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यायची. आधीच्या बाळाच्या पाठीवर उघडी गाठ असेल, किंवा त्याची कवटी तयार झाली नसेल, तर मात्रा कितीतरी जास्त लागते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत अशा आयांना रोज ४ मिलिग्रॅम दिल्यावर तोच दोष पुन्हा होण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे ५ मिलिग्रॅमची गोळी मिळते, ती डॉक्टरांनी लिहून दिल्यावरच घ्या. फॉलिक ॲसिडनं सेरेब्रल पाल्सी टळत नाही. त्यासाठी वेळेवर प्रसूती, बाळ लगेच रडलं नाही तर तिथंच श्वास देणारं माणूस, आणि काविळीवर पहिल्या आठवड्यात लक्ष लागतं. लग्न ठरलेल्या मुलीच्या आईला, नव्या सुनेच्या सासूला गोळीबद्दल आजच सांगून ठेवा. आशाताईंकडे किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं की ती कुठं आणि कशी मिळेल ते कळतं.